नट बसले, पण चाक घासलं

माझ्या ऑफरोड गाडीच्या आधीच्या रिम घेताना मी एकच गोष्ट बघितली होती, गाडीला सहा स्टड (ज्यावर चाकाचे नट बसतात ते बोल्ट), रिमला सहा होल, झालं काम. नट हाताने सरसर फिरले, चाकं बसली, गाडी एकदम तगडी दिसायला लागली आणि मी खूश. दोनच दिवसांनी रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि पुढून खर्रर्र असा आवाज आला. खाली वाकून बघतो तर फेंडरच्या आतल्या प्लास्टिकवर दोन बोटं रुंद काळा चकचकीत पट्टा उमटलेला आणि खाली जमिनीवर रबराचा भुगा, खोडरबराचा पडतो ना, अगदी तसा. ज्याने विकल्या तो म्हणाला एवढं चालतं. नाही चालत हो. सपाट जमिनीवर जे नुसतं घासतं ते खडकावर सस्पेन्शन दाबलं गेल्यावर आत घुसतं, आणि मग एकतर प्लास्टिक फाटतं नाहीतर टायर.

त्यानंतर मी हे सगळं नीट शिकलो, म्हणून लिहितोय. टायर-रिम फिट होणं हे होल मोजून कळत नाही, ते गाडीच्या आतल्या बाजूला, चाक पूर्ण वळलेलं आणि वर दाबलेलं असताना कळतं.

आधी टायर ठरवा, रिम नंतर. बहुतेक लोक उलटं करतात कारण रिम दिसायला भारी असते. माझ्या गाडीला कंपनीचा २४५/७५ आर १६ होता, म्हणजे २४५ मिलिमीटर रुंदी, त्याच्या ७५ टक्के साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या रबराची) उंची आणि १६ इंची रिम. गणित केलं की पूर्ण उंची येते साधारण ७७४ मिलिमीटर. मला हवा होता २६५/७५ आर १६, त्याची उंची ८०४. म्हणजे उंची ३० मिलिमीटरने वाढली पण गाडी जमिनीपासून उचलली गेली फक्त १५ ने, कारण अर्धी वाढ एक्सलच्या वर जाते, आणि ती वरची १५ मिलिमीटरच फेंडरशी भांडते. शिवाय मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०४ ने पळत असते (मीटर आधी बरोबर होता असं धरून), आणि चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी थोडी जड वाटते. ४ टक्के ऐकायला काहीच नाही पण पायाला जाणवतं.

रिमची साइज वाढवू नका, हे माझं ठाम मत आहे. ऑफरोडला खरं काम साइडवॉल करते. वाळूत किंवा खडकात हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, दगडाला मिठी मारतो, आणि हे करायला रिम आणि जमीन यांच्यामध्ये रबर पाहिजे ना. १८ इंची रिमवर तेवढ्याच उंचीचा टायर घातला तर दर बाजूला एक इंच रबर कमी होतं, आणि तोच एक इंच रिमची कड वाचवत असतो. अर्थात फार खालीही जाता येत नाही, कारण ब्रेकचं कॅलिपर आडवं येतं. छोटी रिम घालायची असेल तर कॅलिपरवर मुलांच्या खेळण्यातली क्ले चिकटवा, रिम लावून हाताने हळू फिरवा, काढून बघा क्ले किती चेपलीय ते. तीनेक मिलिमीटर तरी उरलीच पाहिजे.

आता पीसीडी, म्हणजे सगळे स्टड ज्या गोलावर बसलेत त्याचा व्यास. सहा स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. पाच असतील तर समोरासमोर कोणी नसतं, मग शेजारच्या दोघांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणा. पण इथेच थांबू नका. हायलक्स आणि ट्रायटन हे दोन्ही पिकअप ६ बाय १३९.७ आहेत, म्हणजे सहा स्टड आणि १३९.७ मिलिमीटर पीसीडी, पण हबवर (गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो) बसणारं रिमचं मधलं भोक हायलक्सला १०६.१ मिलिमीटर आणि ट्रायटनला ६७.१. होल तंतोतंत जुळतील आणि तरी ट्रायटनची रिम हायलक्सच्या हबवर चढणारच नाही. उलटं केलं तर चढेल, पण हबचा आधार मिळणार नाही, चाक फक्त नटांवर मध्यावर येईल, तेव्हा मधली फट भरणारी योग्य मापाची हब रिंग टाकलेली बरी, नाहीतर स्पीडला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस बॅलन्सिंग करत बसतो. नटाचं तोंडही बघा, शंकूसारखं, गोल की सपाट. रिमची बैठक जशी तसाच नट पाहिजे. इथे चूक झाली तर नट कसलेला वाटतो पण धरलेला नसतो.

आणि ऑफसेट. माझी चूक हीच होती म्हणून जरा सविस्तर सांगतो. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि हबला टेकणारा भाग यातलं अंतर म्हणजे ऑफसेट, रिमवर ईटी म्हणून कोरलेलं असतं. आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर. माझी कंपनीची रिम ईटी २५ होती आणि मी घेतली ईटी ० ची. म्हणजे चाक सरळ २५ मिलिमीटर बाहेर आलं, टायर २० ने रुंद म्हणजे दर बाजूला अजून १०, एकूण बाहेरची कड ३५ मिलिमीटर बाहेर. आतून उलट १५ मिलिमीटर जागा वाढली, ज्याची मला काही गरजच नव्हती. चाक बाहेर आलं की वळताना त्याची कड मोठा गोल काढते आणि बंपरच्या मागच्या कोपऱ्याला नाहीतर फेंडरच्या तळाला जाऊन भिडते. शिवाय बेअरिंगवर ताण वाढतो, आणि दगडाला चाक लागलं की स्टिअरिंग हातातून हिसकावल्यासारखं होतं (अंगठे आत घालून स्टिअरिंग धरू नका, प्लीज).

आता मी ईटी २० च्या घेतल्यात. हिशोब असा, चाक ५ बाहेर, टायरची कड बाहेरून १५ आणि आतून ५ मिलिमीटर सस्पेन्शनकडे. ते आतले ५ आहेत का हे आधी बघायचं. मी जुन्या टायरची आतली कड आणि कंट्रोल आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) यात बोट घालून बघितलं, मग पट्टीने मोजलं, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. नंतर पुढचं एक चाक रॅम्पवर चढवून सस्पेन्शन दाबलं आणि परत स्टिअरिंग दोन्हीकडे कापलं. नवीन टायर लावल्यावर टायरच्या कडेला खडू फासून हेच परत केलं. जिथे घासतं तिथे खडूचा डाग पडतो, अंदाज लावावा लागत नाही. माझ्या मडफ्लॅपला एका जागी किंचित डाग लागला, तो फ्लॅप मागे ओढून बांधला.

लोड इंडेक्सही वाचा, साइडवॉलवर असतो, ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो. कंपनीच्या टायरपेक्षा कमी घेऊ नका, गाडी सामानाने भरली की हाच आकडा कामाला येतो. रिमचीही वजन पेलायची हद्द असते, मागच्या बाजूला कोरलेली असते, ती बघायची राहूनच जाते.

चाकं लावल्यावर ८० किलोमीटर चालवून टॉर्क रेंचने नट परत तपासले, दोन नट पाव आटा फिरले. फक्त स्टेपनी अजून जुन्याच मापाची आहे. नवा टायर मागच्या दाराच्या ब्रॅकेटवर बसतो पण दार उघडताना बंपरला लागतो, तो ब्रॅकेट वर सरकवायचाय. ३० मिलिमीटरने छोटं चाक एका बाजूला लावून फोर-व्हील ड्राइव्हमध्ये गाडी रेटली तर डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा भाग) सतत झिजत राहणार, तेव्हा पाचवं चाक येईपर्यंत गाडी साध्या रस्त्यावरच.