कौलांवरचा पाऊस आणि माझी चौदा मिनिटं

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या गावावर लघुपट करायचं ठरवलं तेव्हा डोक्यात हिरवे डोंगर, धुकं आणि ड्रोन होता. पुण्यात बसून गावाकडं बघितलं की असंच दिसतं.

जुलैत चौघे जण गेलो. पहिले दोन दिवस डोंगर दिसलाच नाही. पाऊस असा की समोरचं घरसुद्धा पुसलेलं. ड्रोन पेटीत पडून, त्याचं भाडं मात्र चालू! शेवटी कॅमेरा दार, पडवी, चूल आणि इरलं घेतलेली पाठ एवढ्यावरच आला. मग आठवलं, लहानपणी पावसाचे चार महिने आम्हाला जग तेवढंच दिसायचं, दारातून.

माझा एक मित्र अथणीकडचा, सपाट माळरानातला. त्याच्या फ्रेममध्ये निम्म्याहून जास्त आभाळ, माणूस लांबून चालत चालत येतो. माझ्याकडं तो एकदम दारातच उगवतो. जिल्हा एकच, बेळगाव. आमच्या तालुक्यातलं पाणीसुद्धा एका वाटेनं जात नाही म्हणा: कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला कूडलसंगमापर्यंत जाऊन कृष्णेला मिळते, आणि म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते.

खरी गोची आवाजाची झाली. कौलांवरच्या पावसात एक संवाद धड ऐकू येईना. बेळगावात डबिंगला बसलो. आजीचं काम केलेल्या आत्तीनं हेडफोन चढवला आणि विचारलं, "पावसात बोलल्यासारखं वरडू, का हितं बसल्यासारखं बोलू?"

मला उत्तर देता येईना. पावसात आमच्या घरात कोण एवढं बोलतंय? ताट पुढं सरकवलं की जेवायला बस. कंदील उचलला की गोठ्यात निघाली. डबिंग तिथंच थांबवलं, एकच वाक्य सोडून सगळे संवाद काढले आणि पुन्हा गावी जाऊन पहाटे नुसता कौलांवरचा पाऊस रेकॉर्ड करून आणला.

उरलेलं वाक्य, "कुठं जाऊलास?", म्हणजे कुठं चाललास. एका जाणकारांनी ते 'शुद्ध' करायला सांगितलं. नाही केलं. महोत्सवाच्या फॉर्ममध्ये भाषेसाठी एकच रकाना होता. आत्ती दुकानदाराला कानडीत हाक मारते, ती कुठं लिहायची?

गावात ही चौदा मिनिटांची फिल्म दाखवली. आत्ती शेवटपर्यंत गप्प बसून होती. मग म्हणाली, "गाव कुठं दाखिवलास रे? नुसतं दारच की!"