नकाशातला राखाडी सडा

जमीनवापर नियोजनाच्या प्रशिक्षणात आमच्या गटाला रत्नागिरीजवळचं एक गाव मिळालं होतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत गाव उघडलं की खाली भातखाचरं, वाडीभोवती आंबा-काजू आणि वरचा सगळा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, एकाच राखाडी रंगात: 'नापीक, खडकाळ'. नकाशाचा हा थर उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रांवरून बनलेला. सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रं 10 मीटरपर्यंतचा तपशील देतात, पण पावसाळ्यात कोकणावर ढगच एवढे की जमीन क्वचितच दिसते. सडा फुलतो तो नेमका तेव्हाच.

श्रावणात आम्ही वर चढलो. कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं जांभळी पसरलेली, मध्येच दवबिंदू, म्हणजे किडे पकडून नायट्रोजन मिळवणारी चिमुकली झाडं. अशा जागेला नापीक म्हणणं मला तिथे उभं राहून असह्य झालं. पण त्या दिवसाची खरी शिकवण वाडीतल्या काकींकडून मिळाली. एका खोलगट जागी थांबून त्या म्हणाल्या, "बाय, हय पाणी मुरतं म्हणून आमचा झरा चालतो. ही जागा लिही आधी."

सड्याचा कातळ म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकणमातीला अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. हे मी वाचलेलं होतं. पण कुठे मुरतं ते काकींना ठाऊक होतं. मग गुरांची पाणथळ, नाचणीचे तुकडे, गवत कापायची जागा, सगळं त्या सांगत गेल्या आणि आम्ही मोबाइलवर क्यूफील्ड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये टिपत गेलो. रेंज नव्हती, पण त्याला ती लागत नाही.

संध्याकाळी ग्रामपंचायतीत भिंतीवर नकाशा टाकला. राखाडी तुकड्यावर ठिपके उमटू लागले तसे म्हातारे पुढे सरकले आणि एका पाणथळीच्या हद्दीवरून चांगलाच वाद रंगला. तक्त्यात 'कोणत्या महिन्यात' असा रकाना वाढवायला लावला तो त्यांनीच. माझ्या मते सड्याच्या कुठल्याही नकाशात तो हवाच.

दीपकाडीच्या जागांचं मात्र वेगळं ठरलं. पावसाच्या सुरुवातीला फुलणारी ही पांढरी फुलं मुख्यतः कोकणातच आढळतात, आणि नेमकी जागा जाहीर झाली की कंद उपटून नेणारे पोचतात. तो थर आम्ही वेगळा काढून गावाच्या जैवविविधता समितीकडे दिला. लोकजैवविविधता नोंदवहीसाठी, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीच्या नोंदींच्या वहीसाठी, बाकीच्या नकाशाची छापील प्रत सरपंचांनी मागून घेतली.