फी भरली, पण गेली कुठे?

बारा वर्षांनी परत बीए करायचं ठरवलं, घरी बसूनच, मुक्त विद्यापीठातून. कॉलेजला रोज जाणं मला शक्यच नाही, सासूबाईंचं आजारपण आणि पोरांची शाळा. म्हटलं फॉर्म काय, अर्ध्या तासात होईल!

कसलं काय. आधी एबीसी आयडी (शिक्षणाचे क्रेडिट्स जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्याचा नंबर) काढा, मग त्यावरून डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नंबर), २०२४ पासून डिस्टन्सच्या डिग्रीला तो लागतोच म्हणे. आधार कार्डवर नाव एक आणि दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं, त्यात दोन दिवस गेले.

फी भरायला रात्री अकराला बसले, यूपीआय केलं, खात्यातून पैसे गेले आणि स्क्रीनवर मात्र 'पेंडिंग'. पोटात गोळाच आला. नवरा म्हणतो परत भर, उद्या शेवटची तारीख आहे. मी नाही भरली, कारण दोनदा गेले तर कोणाच्या मागे पळायचं? (कोथरूडच्या नेट कॅफेवाल्या दादांनी पण हेच सांगितलं, वर प्रिंटचे पैसे घेतले ते वेगळेच.)

मग कळलं की रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, यूपीआयने दुकानदाराला वगैरे दिलेले पैसे कापले गेले पण पोचले नाहीत तर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. यूटीआर नंबरचा (म्हणजे त्या व्यवहाराच्या नंबरचा) स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवा बायांनो.

माझं स्टेटस दुसऱ्या दिवशी दुपारी 'सक्सेस' झालं, मी कुकर लावत होते तेव्हा. पावतीच्या तीन झेरॉक्स काढल्यात.