माई ताईवरचा कृष्णफळाचा फेस: पाचव्यांदा जमला एकदाचा

तर मंडळी, पाचव्या प्रयत्नात जमलं. फेस ग्लासात जवळपास पंधरा मिनिटं तसाच उभा राहिला, खाली पाणी सुटलं नाही, आणि मी अजूनही खुश आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडं मागचं. माई ताई हे व्हिक्टर बर्जरॉन म्हणजे ट्रेडर व्हिक यांचं १९४४ चं कॉकटेल, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं. नाव ऐकून आपल्याकडे सगळ्यांना घरातल्या माई आणि ताईच आठवतात, पण शब्द ताहितीचा आहे, अर्थ छान, उत्तम असा. मुळात त्यात अननस नव्हताच, नुसती जुनी रम, लिंबू, ऑरेंज क्युरासाव म्हणजे संत्र्याच्या सालीचं गोड मद्य, ओर्झा म्हणजे बदामाचं सिरप, आणि थोडं साखरेचं सिरप. १९५३ मध्ये ते हवाईला गेलं आणि तिकडे पुढे अननसाचा रस आला. मी ज्याच्या मागे लागलोय ते हवाईतल्या माऊई बेटावरच्या मंकीपॉड किचन या रेस्टॉरंटचं रूप, वर मध आणि लिलिकोईचा फेस. लिलिकोई म्हणजे पॅशन फ्रूट, आपलं कृष्णफळ, आपल्या कुंपणावरच्या कृष्णकमळाच्याच कुळातलं.

पहिला प्रयत्न शेकरमध्ये, अंड्याचा पांढरा भाग आणि गर हाताने हलवून. फेस आला पण दोन मिनिटांत बसला आणि अंड्याचा उग्र वास येत होता. दुसऱ्यांदा वाटलं क्रीमी पाहिजे तर क्रीमच घालू, म्हणून टेट्रापॅकमधली २५ टक्के फॅटवाली क्रीम घेतली, ती फेटली जाईच ना आणि गराचा आंबटपणा लागल्यावर सरळ फाटली, नासलेल्या दुधासारखी, सगळं ओतून दिलं. तिसऱ्यांदा अंडं आणि क्रीम दोन्ही. तेही फसलं, कारण क्रीममधली चरबी अंड्याच्या पांढऱ्याचा फेस नीट उभाच राहू देत नाही, पिवळ्याचा थेंब गेला तरी तेच होतं.

चौथ्याला मित्राचा अर्ध्या लिटरचा व्हिप सायफन आणला, म्हणजे गॅसच्या दाबाने फेस काढायची बाटली. इथे एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. गर नुसता चमच्याने गाळला होता, बियांचे काळे तुकडे नळीत अडकले आणि काहीच बाहेर येईना. तेव्हा आधी गॅस पूर्ण सोडायचा, मगच झाकण उघडायचं, घाई अजिबात नको.

पाचव्याला गर आधी जाळीच्या गाळणीतून आणि मग पंच्यातून गाळला, १२० मिली निघाला. चार अंड्यांचा पांढरा भाग, साधारण तेवढाच. मध आणि कोमट पाणी समसमान करून ९० मिली, गार झाल्यावरच घातलं. सायफनला एक ८ ग्रॅमचा नायट्रस ऑक्साइडचा चार्जर म्हणजे गॅसची छोटी नळकांडी, सोड्याचा लावू नका, कार्बन डायऑक्साइडने फेस जिभेला चुरचुरतो. दोन तास फ्रिजमध्ये, मग जोरात हलवून तोंड खाली करून सोडायचा. क्रीमचा थेंब नाही तरी सायीसारखा मऊ! मध पातळ द्रव जरा घट्ट करतो म्हणून पाणी उशिरा सुटतं, आणि कृष्णफळाचा आंबटपणाही अंड्याच्या प्रथिनांना फेस धरायला मदत करतो, म्हणजे क्रीम फाडणारी गोष्टच इथे कामाला आली.

खालचं कॉकटेल: व्हाइट रम ३०, क्युरासाव १५, घरचं ओर्झा १५, लिंबू २०, अननसाचा रस ३० मिली, बर्फ पंच्यात गुंडाळून बत्त्याने ठेचलेला. हे सगळं हलवून ग्लासात, त्यावर ३० मिली काळी रम अलगद सोडायची, आणि सगळ्यात वर फेस. मंकीपॉडला ओर्झा मॅकाडेमिया नावाच्या सुक्या मेव्याचं करतात, मी बदाम भिजवून सोलून वाटून केलं, वास मस्त येतो.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगेन, स्ट्रॉ नको. फेस शोभेचा नाही, आंबट आणि सुगंधी थर तोच आहे, ओठ फेसातून जाऊन खालची रम लागली पाहिजे, म्हणून तर मी अननस ६० वरून ३० वर आणला. अननस जास्त झाला की कृष्णफळ कळतच नाही.

अंडं कच्चं आहे, तेव्हा ताजीच घ्या आणि उरलेला फेस दुसऱ्या दिवशी वापरू नका.

बहिणीला अंडं चालत नाही, म्हणून पुढच्या शनिवारी अंड्याऐवजी छोले उकडलेलं पाणी आटवून सायफनमध्ये घालून बघणार आहे. कोणी केलंय का, किती आटवायचं?