चौदाव्या फेरीनंतर

१ ऑक्टोबर, रात्री

१९७५ साली आजच्याच तारखेला मनिलात मुष्टियोद्धे मुहम्मद अली आणि जो फ्रेझियर तिसऱ्यांदा भिडले. जेवणं आटोपल्यावर ती लढत पुन्हा लावली. अमेरिकेतल्या प्रेक्षकांची सोय बघून ती मनिलात सकाळी ठेवलेली. सभागृहातला उकाडा पडद्यावरूनसुद्धा जाणवतो.

मी कायमचा अलीवाला. त्याच्या बढाया, त्याची यमकं, सगळं तोंडपाठ. या लढतीआधी पत्रकारांसमोर तो खिशातून रबरी गोरिला काढायचा आणि ‘हाच फ्रेझियर’ म्हणत त्याला गुद्दे घालायचा. इतकी वर्षं मी त्यावर हसत आलो. आज मात्र हसायला आलं नाही. सैन्यात जायला नकार दिल्यावर अलीचं विजेतेपद आणि लढण्याचा परवाना दोन्ही गेले, तेव्हा त्याला पैसे देणारा, परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकणारा माणूस हाच होता.

साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्टच्या गरीब शेतकऱ्याचा हा बारावा मुलगा. लहानपणी डुक्कर मागे लागलं, पडला, डावा हात मोडला. डॉक्टर परवडणारा नव्हता, हाड वाकडंच जुळलं. पुढे त्याच हाताचा हुक, कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, जगाला महागात पडला! फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात नोकरी करताना तो टांगलेल्या मांसावर ठोसे हाणून सराव करायचा. १९६४ साली टोकियोत अंगठा मोडलेला असताना त्याने ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. आणि ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कमध्ये, पंधराव्या फेरीत, त्याच डाव्या हाताने अलीला उताणा पाडला. अलीची व्यावसायिक रिंगमधली ती पहिली हार.

(१९७३ला किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमन या मुष्टियोद्ध्याने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा आडवा केला. ती लढत मी एकदा पाहिली, तेवढी पुरे.)

मनिलात चौदाव्या फेरीनंतर तो कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, कित्येक वर्षं लपवलेला. उजवा सुजून मिटलेला. म्हणजे समोरचे ठोसे त्याला जवळजवळ दिसतच नव्हते. तरी तो उठायला बघतोय, आणि प्रशिक्षक एडी फच त्याला खाली बसवतायत, लढत तिथेच सोडून देतायत. फचनी रिंगमध्ये माणसं मेलेली पाहिली होती. इथे मी दरवेळी चित्र थांबवतो. नंतर जिंकलेला अली स्टुलावरून उठतो आणि तिथेच कोसळतो.

फिलाडेल्फियात सिनेमातल्या एका काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा केव्हाच उभा राहिला. फ्रेझियरचा झाला २०१५ला, तो जाऊन जवळजवळ चार वर्षं झाल्यावर. हे मला अजून पचत नाही.

त्याच्या अंत्यविधीला अली आला होता, कंपवाताने पार थकलेला. जोसाठी उभं राहून टाळ्या वाजवा, असं सगळ्यांना सांगितलं गेलं. अलीही उठला आणि त्याने टाळ्या वाजवल्या.