जागचं हलायचं नाही

परवा रविवारी दुपारी अंगणातली पानं ओढत होते. समोरच्या ड्राइव्हवेत शेजारचे आजोबा गाडीत बसलेले दिसले. इंजिन बंद, काच अर्धी खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बराच वेळ झाला तरी उतरेनात. वय झालेलं, म्हणून जरा काळजी वाटली. जवळ गेले तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. रेडिओवर लायन्सची, म्हणजे आमच्या डेट्रॉईटच्या अमेरिकन फुटबॉल टीमची, मॅच चालू होती. जाहिरात लागल्यावर म्हणाले, दुकानातून निघालो तेव्हा मागे होते, गाडीत बसल्यावर पुढे गेले, आता घरात कसा जाऊ? मागच्या सीटवर सामानाच्या पिशव्या होत्या. एकीतून आइसक्रीमचा डबा डोकावत होता आणि त्याच्याखाली सीटवर ओल पसरत चालली होती.

मी मान डोलावली आणि परत येऊन पानं ओढायला लागले. मुद्दाम त्याच जागी उभी राहून, जिथे मघाशी होते.

आमच्या घरात वेगळं काही नाही. नवरा गाड्यांच्या ब्रेकांची गणितं करतो, आकड्यावाचून कुणाचा शब्द मानत नाही. पण तो सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेला नसेल तर लायन्सचा फील्ड गोल खांबाबाहेर जातो, हे त्याच्या दृष्टीने सिद्ध झालेलं आहे. जिंकत असतील तोवर मुलगी जर्सी धुवायला टाकत नाही. माझं म्हणाल तर शेवटची दोन मिनिटं मी कपड्यांच्या घड्या घालते, टीव्हीकडे पाठ करून. आवाज मात्र हवा. अमेरिकन फुटबॉलची शेवटची दोन मिनिटं घड्याळात दोन असली तरी प्रत्यक्षात पंधरा-वीस चालतात, त्यामुळे सप्टेंबर ते जानेवारी आमची कपाटं बघण्यासारखी असतात.

ही विद्या मी साताऱ्याहून आणलेली आहे.

18 एप्रिल 1986, शुक्रवार, शारजा, भारत-पाकिस्तान फायनल. एवढं सांगितलं की पुरे. त्या दिवशी आमच्या वाड्यात कोण कुठे बसलं होतं ते मला अजून पाठ आहे. आजोबा झोपाळ्यावर, पण झोपाळा हलवायचा नाही, दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकलेले. मोठे काका खुर्चीत, एक पाय वर एक खाली, कारण सकाळी श्रीकांत मारत होता तेव्हा ते तसे बसले होते. जिन्यावर तीन चुलत भाऊ, वयाच्या उलट क्रमाने. माझ्या वाट्याला उंबरा आला होता. एरवी उंबऱ्यावर बसलं की आजी ओरडायची, पण त्या दिवशी तीही गप्प होती. पायाला मुंग्या आल्या तरी हलायचं नाही. गावसकरच्या 92 धावा आमच्या या बैठकीच्या जोरावरच झाल्या, याबद्दल खोलीत कुणालाही शंका नव्हती.

शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार हव्या होत्या. चेतन शर्मा धावायला लागला आणि आतून दूध उतू जायचा तो वास आला. आक्का, म्हणजे माझी आत्या, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती आत पळाली. पुढे मियाँदादने काय केलं ते सगळ्या देशाने पाहिलं, तिने तेवढं नाही. पातेलं उतरवून, हात पुसत ती बाहेर आली तर खोली भरलेली आणि कुणी बोलत नाही. मग मोठे काका म्हणाले, "तू उठलीस कशाला?"

ती उठली नव्हती. ती उभीच होती. पण हे कुणी विचारात घेतलं नाही.

नंतर ती लग्नाकार्यात सांगायची गोष्ट झाली. "आमच्या आक्कामुळे शारजा गेलं," असं काका नव्या जावयांना सांगायचे आणि आक्काही हसायची. फक्त मॅच लागली की ती आपणहून आत जाऊन बसायची. तिथून विचारायची, "किती झाले रे?" खरं तर घरात तिच्याइतकं क्रिकेट कुणाला कळत नव्हतं. रेडिओच्या दिवसांपासूनचे आकडे तिच्या तोंडावर असायचे. 1996 ची सेमीफायनल, 2003 ची फायनल, दोन्ही वेळेला ती आतच होती. दोन्ही वेळेला आपण हरलो, पण त्याचा हिशोब कुणी मांडला नाही. काकांनी कधी चहा मागायला हाक मारली होती का, हेही कुणी तपासलं नाही.

असो. लायन्स.

डेट्रॉईटच्या बाजूला राहायला आलो तेव्हा वाटलं होतं, इथे माणसं गाड्या बनवतात, ती असल्या भानगडीत नसतील. पण या टीमची कुंडलीच अशी आहे की कुणीही जोतिषाकडे जाईल. फोर्ड घराण्याने टीम विकत घेण्याचा व्यवहार पक्का केला तो दिवस 22 नोव्हेंबर 1963. त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींना गोळी लागली. मुहूर्त कुणी काढला होता कोण जाणे. त्याआधी, 1957 साली, लायन्सनी क्लीव्हलंडला 59–14 असं लोळवून अजिंक्यपद मिळवलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला लाडका क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा गडी, बॉबी लेन पिट्सबर्गला देऊन टाकला. जाताना तो म्हणाला म्हणे, आता पन्नास वर्षं तुम्ही जिंकत नाही. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही, पण शापाला पुरावा कोण मागतो? बॅरी सँडर्ससारखा पळणारा माणूस यांना मिळाला, चेंडू घेऊन गर्दीतून असा निसटायचा की अंगाला हात लागत नसे. तोही 1999 मध्ये, अजून पळत असताना, आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त झाला.

1958 मध्ये पन्नास मिळवा. 2008.

त्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ऑगस्टमध्ये सराव सामने झाले. प्रीसीझनच्या त्या चारही मॅचेस लायन्स जिंकले. चारच्या चार. शेजारचे आजोबा तेव्हा नुकतेच कारखान्यातून निवृत्त झालेले, ते कुंपणापाशी उभे राहून यंदा काय काय होणार ते सांगायचे. आई त्यांना भाऊ म्हणायची. ते मराठीत काही बोलत नसत आणि ती इंग्रजीत काही बोलत नसे, पण दोघांची गप्पांना बसायची वेळ ठरलेली होती.

गणपती बसले त्याच आठवड्यात सीझन सुरू झाला. अटलांटाकडून हरले. अनंत चतुर्दशीला ग्रीन बेकडून 48–25. आम्ही मंडळाच्या विसर्जनाहून परत आलो तर भाऊ पायरीवर बसलेले. आईने त्यांना खिरापत दिली. त्यांनी ती खाल्ली आणि विचारलं, याने काही होईल का?

काही झालं नाही. मग जागा बदलून पाहणं सुरू झालं. त्यांच्या घरी हरतात म्हणून भाऊ आमच्या सोफ्यावर येऊन बसायला लागले. तिथे हरले म्हणून तळघरात बसून पाहिलं. कुणी टोपी उलटी घातली, कुणी बूट काढले. मिनेसोटाच्या मॅचला तर हद्द झाली. डॅन ऑर्लोव्स्की क्वार्टरबॅक होता. तो स्वतःच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या आपल्या टोकाच्या पट्ट्यात, मागे मागे पळत, अंगावर येणाऱ्याला चुकवत, मैदानाच्याच बाहेर गेला. शिट्टी वाजेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. त्याचे समोरच्यांना दोन गुण मिळाले आणि लायन्स हरले 12–10, बरोबर दोन गुणांनी. आई म्हणाली, "अगं, रेषा दिसत नाही का त्याला? एवढी पांढरी आहे!" टॅम्पाविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये 17–0 ने पुढे होते. आम्ही श्वाससुद्धा मोजून घेतला. 38–20 ने हरले.

आणि तेव्हा त्या सीझनने असं काही करून दाखवलं जे आमच्या साताऱ्याच्या वाड्यात कधी कुणाला जमलं नव्हतं. त्या काळी लीगचा नियम होता की मॅचच्या 72 तास आधी सगळी तिकिटं खपली नाहीत तर त्या शहरात मॅच टीव्हीवर दाखवायची नाही. लायन्सची तिकिटं खपेनात. दिवाळीच्या सुमाराला डेट्रॉईटमधली मॅच डेट्रॉईटलाच दिसेनाशी झाली. म्हणजे बघा, सोफे रिकामे, डावं टोक रिकामं, कुणी बघत नाही, कुणाचा पाय आडवा नाही, कुणाची नजर नाही. तरीही हरले. पुढच्या वेळीही तसंच. बघितलं तरी हरतात, नाही बघितलं तरी हरतात, बसलं तरी, उठलं तरी.

थँक्सगिव्हिंगची मॅच 1934 पासूनची त्यांची परंपरा. त्या दिवशी टेनेसीने 47–10 असं धुतलं. आमच्याकडे भाऊ, त्यांची बायको आणि मंडळातली दोन-तीन घरं जेवायला होती. मॅच चालू असताना सगळे मोकळेपणाने इकडून तिकडे फिरत होते. कुणी वाढून घेत होतं, कुणी फोनवर होतं, मुलं टीव्हीच्या समोरून पळत होती. कुणी कुणाला "बस खाली" म्हणालं नाही. मी इतक्या वर्षांत एवढी आरामात मॅच पाहिली नव्हती. आई मसालेभात परतत होती. ती झारा हातात घेऊन बाहेर आली, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "वन्सं हव्या होत्या इथं. कुणी काही बोललं नसतं त्यांना."

28 डिसेंबरला ग्रीन बेमध्ये 31–21 ने हरून हिशोब पुरा झाला. सोळा मॅचेस, सोळा पराभव. तोवर लीगच्या इतिहासात असं कुणी केलं नव्हतं. त्यातल्या त्यात सांगायचं तर कॅल्विन जॉन्सनने त्या असल्या सीझनमध्येही बारा टचडाउन केले, म्हणजे बारा वेळा चेंडू समोरच्यांच्या एंड झोनमध्ये पोचवला. दर वेळी झेल घेऊन तो असा उभा राहायचा की जणू पुढे काही चांगलं होणार आहे. मला तर जिंकणाऱ्या संघातल्या कुठल्याही हिरोपेक्षा तो मोठा वाटतो, पण हे नवऱ्याला पटत नाही. त्याला जेसन हॅन्सनची किक आवडते.

तो हिवाळा वाईटच होता. शहरातले सगळेच हरत होते. 2009 च्या एप्रिलअखेर क्रायसलर आणि जूनच्या पहिल्या तारखेला जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या, पण त्याच्या किती आधीपासून नवऱ्याच्या ऑफिसात खोके घेऊन जाणारी माणसं दिसायला लागली होती. तो रोज एकच स्वेटर घालून जायचा. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मीही सकाळी तो जाईपर्यंत ओट्यापासून हलत नसे. आमच्या ओळखीत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांनीही काहीतरी घातलं असेलच की. त्यांच्याकडेही कुणीतरी ओट्यापाशी उभं असेल.

त्याच 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, लायन्सना पहिला नंबर मिळाला आणि त्यांनी मॅथ्यू स्टॅफर्डला घेतलं. तो डॅलसच्या ज्या शाळेतला, त्याच शाळेतला बॉबी लेन. भाऊंनी हे मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मीच आता पाहुण्यांना सांगते. पण शाप उतरला बितरला काही नाही. स्टॅफर्ड बारा सीझन खेळला, एकही प्लेऑफ मॅच जिंकून दिली नाही, आणि लॉस एंजेलिसला गेल्यावर पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला.

आक्का 2010 मध्ये गेली. 2011 चा वर्ल्ड कप तिला बघायला मिळाला नाही. धोनीने सिक्सर मारला तेव्हा काका, वय झालेले, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते, असं चुलत भावाने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, काहीतरीच.

मग जानेवारी 2024. प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल. तो 2008 च्या त्या टीममध्ये होता, पहिल्याच मॅचला जखमी झाला आणि उरलेला सीझन बाहेर बसला. त्याच्या हाताखाली लायन्सनी 32 वर्षांनी प्लेऑफची मॅच जिंकली. कुणाविरुद्ध? स्टॅफर्डविरुद्ध, 24–23, आपल्याच मैदानात. शहर रडलं. आणि झालं, आमचं स्वातंत्र्य गेलं. डावं टोक परत आलं. जर्सी धुणं बंद. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला 24–7 पुढे होते, एक पाऊल टाकलं की सुपर बोल, जिथे ही टीम आजवर गेलेलीच नाही. मग तो एक लांब पास आमच्या गड्याच्या हेल्मेटवर आपटून उडाला तो सरळ त्यांच्याच माणसाच्या हातात. 34–31. त्या क्षणी कोण कुठे होतं याची चौकशी आमच्या गल्लीत उन्हाळ्यापर्यंत चालली. संशयितांमध्ये बायकाच जास्त होत्या, हे नोंदवून ठेवते.

पुढचा सीझन त्याहून भारी. पंधरा जिंकले, दोन हरले, टीमच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. 18 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टन आलं. त्या रात्री कुणीही चूक केली नाही. नवरा डाव्या टोकाला, भाऊ त्यांच्या गाडीत गॅरेजमध्ये, मुलगी त्या जर्सीत, माझ्या हातात चादर. 45–31 ने हरले. दुसऱ्या दिवशी भाऊंनी कुंपणापाशी येऊन एकेकाची जागा विचारली. सगळे बरोबर होते. मग कुणी उरलंच नाही म्हणून मी साताऱ्याला आईला फोन केला.

"लायन्स?" आई म्हणाली. "ते अजून आहेत? मला वाटलं, तेव्हाच बंद केलं असेल."

मी सांगितलं, आई, यंदा पंधरा मॅचेस जिंकले होते.

"पंधरा? मग पुरे झाले की."