रीळ नंबर ७ : घरघर गेली आणि भलतंच निघालं

काल रात्री पावणेदोनला घरघर थांबली. माझ्या सात नंबरच्या जुन्या रिळाच्या आवाजात बसलेली, साडेतीन महिने डोकं खाणारी ती घरघर. मी आधी हेडफोनची वायर निघाली की काय ते बघितलं. निघाली नव्हती. मग आईला उठवून ऐकवलं आणि यथेच्छ बोलणी खाल्ली.

सात नंबर आठवतंय ना? जुन्या बाजारातलं, टायटल नसलेलं, कृष्णधवल, १६ मिमी रुंद, ३८० फूट लांब. म्हणजे साडेदहा मिनिटांचा ऐवज. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा. त्यात हत्ती, पाणघोडे, सोला हॅटवाला शिकारी आणि शेवटी बिबळ्याचं कातडं नेसलेला एक पैलवान गडी. हा सिनेमा कुठला, एवढंच शोधायचं होतं.

आधी तब्येतीचं सांगतो. जुनी फिल्म सडताना आम्ल सुटतं, तोच हा व्हिनेगरचा वास. ते मोजणारी निळी कागदी पट्टी डब्यात चोवीस तास ठेवली तर हिरवी झाली, म्हणजे तिच्या शून्य ते तीनच्या मापावर दीडच्या आसपास. दीडच्या पुढे आम्ल स्वतःच स्वतःला वाढवत नेतं, त्यामुळे हे रीळ आता घाईत आहे आणि मीही. फिल्मच्या कडेच्या शंभर भोकांची लांबी ७६२ मिमी भरायला हवी, ती ७५४ भरली. एक टक्क्याहून जास्त आकसलंय. असलं रीळ प्रोजेक्टरवर चढवायचं म्हणजे भोकं फाडून घ्यायची, म्हणून ते पहिल्यापासून घरगुती स्कॅनरवरच आहे : रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरचा एचक्यू कॅमेरा, बेलोजवर (घडीच्या भात्यावर) उलटी लावलेली एन्लार्जरची, म्हणजे फोटो मोठे करायच्या यंत्राची, ५० मिमी लेन्स, खाली एलईडी. पंधरा हजार दोनशे फ्रेम, फ्रेमला दोन सेकंद, एका फेरीला साडेआठ तास. नव्यांनी लेन्सवर पैसे उडवू नयेत. डार्करूम बंद झाल्या तेव्हा एन्लार्जरच्या लेन्सा मातीमोल झाल्या, आणि सपाट वस्तू कडेपर्यंत नीट टिपण्यासाठीच त्या बनलेल्या असतात. एलईडीचं मात्र वेगळं. एका दुकानदाराने ‘सर, एकदम स्टेबल’ म्हणून गळ्यात मारलेलं पॅनल मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर दिवाळीतल्या माळेसारखं लुकलुकत होतं. नाव लिहीत नाही. पण दुकानातच मोबाइल काढून बघत चला.

आता घरघर.

फिल्मच्या कडेला आवाजाची जी पट्टी असते ती स्कॅनमध्येच टिपायची आणि एईओ-लाइट या सॉफ्टवेअरला वाचायला द्यायची, हा आपला नेहमीचा रस्ता. साउथ कॅरोलिना विद्यापीठातल्या लोकांनी ते फुकट दिलंय, त्यांचं भलं होवो. माझ्या स्कॅनमध्ये फ्रेममागे पिक्सेलच्या साधारण २५०० ओळी येतात, म्हणजे सेकंदाला ६०,००० ओळी आवाज. तेवढ्यात काम भागतं. अडचण सांध्यांची. पट्टी फिल्मवर सलग असते आणि आपण तिचे तुकडे करून पुन्हा जोडतो, सेकंदाला चोवीस वेळा. प्रत्येक सांध्यावर जरा जरी खोट राहिली तर चोवीस हर्ट्‌झची घरघर लागते. लांब कुठेतरी डिझेलची होडी चालली असावी तशी. जंगलपटाला शोभेशी, पण होडी पडद्यावर नव्हती.

पहिला संशय ओव्हरलॅपवर गेला. दोन फ्रेममधला सामाईक भाग वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. दुसरा संशय मोटरवर. पट्टा बदलला, पुढे-मागे होणारं गेट (फ्रेम जिथे कॅमेऱ्यासमोर थांबते ती खिडकी) कसलं. मग आकसण्यावर आलो : भोकांमधलं अंतर सगळीकडे सारखं आकसलेलं नाही, म्हणून दर फ्रेमचा सांधा वेगळा पडत असणार. हे पटण्यासारखं होतं, म्हणून यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. फ्रेमगणिक सांधा मोजून बसवणारी स्क्रिप्ट लिहिली आणि दोन रविवार घालवले. घरघर जागेवर. शेवटी फिल्टर लावून चोवीस आणि तिच्या पटी कापल्या, तर हत्तीचा चीत्कार डासासारखा ऐकू यायला लागला.

एक गोष्ट मात्र सतत टोचत होती, आणि मी ती पुन्हापुन्हा बाजूला सारत होतो. सहा मिनिटांनंतर घरघर आपोआप मरायची. शेवटच्या साडेचार मिनिटांत जवळजवळ नाहीच. मी स्वतःची समजूत काढली की तिथे फिल्म कमी वाकलीय. माणूस दमला की कसलंही कारण पटतं.

गेल्या आठवड्यात कंटाळून मी रीळ न लावता नुसत्या रिकाम्या गेटचा फोटो काढला. एलईडी चालू, फिल्म नाही. सगळं पांढरंशुभ्र यायला हवं होतं. डोळ्यांना तसंच दिसलं. पण आकडे काढले तर वरच्या कडेचा उजेड खालच्यापेक्षा नऊ टक्के कमी. हेच ते! प्रत्येक फ्रेम वर अंधारी, खाली उजळ, पुढची पुन्हा वर अंधारी. सेकंदाला चोवीस वेळा. सांधे पहिल्या दिवसापासून ठीक होते. काल रात्री रिकाम्या गेटच्या त्या फोटोने प्रत्येक फ्रेमला भागलं आणि घरघर गेली. साडेतीन महिन्यांचं दुखणं, चार ओळींचा कोड.

तरी एक उरलंच. उजेड अख्ख्या रिळावर असाच वाकडा होता. मग शेवटची साडेचार मिनिटं मुळात शांत का?

कारण तिथली पट्टीच वेगळी आहे. सहा मिनिटांपर्यंत पट्टीवर करड्या छटांच्या आडव्या रेघा आहेत : आवाज म्हणजे छटा, त्यामुळे उजेडातला फरक थेट आवाजात उतरतो. नंतरच्या भागात पट्टी करवतीच्या दात्यांसारखी, एकीकडे काळी, एकीकडे स्वच्छ. तिथे आवाज रुंदीत असतो, उजेड थोडा कमी-जास्त झाला तरी फार बिघडत नाही. मी सॉफ्टवेअरला पहिल्याच दिवशी ‘छटा’ सांगून मोकळा झालो होतो आणि पट्टीकडे परत डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. (हसा. मीही हसलो, पण जरा उशिरा.)

एका सिनेमाच्या एकाच प्रिंटमध्ये पट्टीची जात मधेच कशाला बदलेल? २१७ फुटांवर गेलो. तिथे जोड आहे, सहा नंबरचा. रिळात असे अकरा जोड, सगळे मी ‘दुरुस्ती’ म्हणून वहीत टाकले होते. भिंग लावलं. जोडाच्या अलीकडे कडेला कोडॅकचा त्रिकोण : म्हणजे फिल्म १९३८, १९५८ किंवा १९७८ ची. वीस वर्षांचं चक्र असतं, आणि १९१८ चालणार नाही कारण १६ मिमी आलीच १९२३ मध्ये. पलीकडे त्रिकोण नाही, कुठलीच खूण नाही, नुसतं ‘सेफ्टी फिल्म’, तेही वेगळ्या वळणाच्या अक्षरांत. करड्याची जातसुद्धा वेगळी, आता दिसते.

हे दोन सिनेमे आहेत! सहा महिने मी एका सिनेमाचं नाव शोधत होतो.

पहिला भाग हॉलिवूडचा, यावर आता पैज लावतो. मागे पाण्याच्या काठी जी उंच झाडं दिसतात त्यांच्या गळ्याशी वाळक्या पानांची झालर आहे. आपल्या माडाला किंवा शिंदीला अशी झालर नसते. तो मेक्सिकन फॅन पाम, आणि लॉस एंजेलिसजवळ आर्केडियाच्या बागेतल्या तळ्याकाठी त्याची रांगच्या रांग आहे. टारझनपासून पुढे कितीतरी पडद्यावरच्या आफ्रिका त्याच काठावर वसल्या. हत्ती आपल्याकडचे, म्हणजे आशियाई : डोक्याला दोन उंचवटे, पाठीला कमान, कान लहान. एमजीएम स्टुडिओने १९३२ च्या टारझनपटात असल्याच हत्तींना खोटे मोठे कान लावले होते, इथे तेवढाही खर्च केलेला नाही. आणि घरघर गेल्यावर मागून ऐकू आलं ते खिदळणं! कूकाबुराचं. पक्षी ऑस्ट्रेलियाचा, पण त्या काळच्या हॉलिवूडला कुठल्याही जंगलात तोच हसताना हवा असायचा.

माझा कौल ‘जंगल जिम’ या स्वस्तातल्या जंगलपटांच्या कुळाकडे. निर्माता सॅम कॅट्‌झमनने १९४८ ते १९५५ मध्ये असे सोळा काढले आणि शेवटच्या तिनांत तर पात्राचं नाव वापरायचा हक्कच हातात नव्हता, तर नायक जॉनी वाइसमुलरला (एमजीएमचा तो टारझन हाच) वाइसमुलर म्हणूनच जंगलात सोडलं. ऑलिम्पिकची पाच सुवर्णपदकं पोहण्यात जिंकलेला माणूस. त्यामुळे दर सिनेमात कुणीतरी पाण्यात पडायचंच.

काही जण विचारतात, यात बघण्यासारखं काय आहे? माझं उत्तर ‘बॉम्बा’, जंगलातल्या पोराची सिनेमा-मालिका. त्यातला बॉम्बा, जॉनी शेफील्ड, १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झुडपातून डोकावतो आणि त्याला १९३० च्या माहितीपटातले प्राणी दिसतात. त्याच्या तोंडावर दुपार, प्राण्यांवर संध्याकाळ. दाणा वेगळा, धूळ वेगळी, खंड वेगळं. एक वाळकी फांदी मधे आणून दिग्दर्शक म्हणतो, बघा हं, हे एकच जंगल. आणि आपण हो म्हणतो. जिथे पैसे होते तिथे हा सांधा लपवला गेला. इथे पैसे नव्हते म्हणून तो उघडा आहे, आणि मला तो सांधाच बघायचा असतो, सिंह नंतर.

दुसरा भाग इथला. बिबळ्याचं कातडं नेसलेला गडी जिच्यावर झोके घेतो ती वेल नाही, वडाची पारंबी आहे. वडसावित्रीला दोरा गुंडाळतात तसल्या वडाची. आपल्याकडे वाडियांनी १९३७ मध्येच ‘तुफानी टारझन’ काढला होता आणि १९५८ मध्ये त्याच गोष्टीवर रंगीत ‘झिंबो’. माझा गडी ‘तुफानी टारझन’चा नायक जॉन कावस नाही, एवढं चेहऱ्यावरून सांगतो. त्यानंतर हिंदीत पारंबीवर लटकलेले टारझन थोडे का झाले? त्यामुळे यादी लांब आहे. साउंडट्रॅकवर एक बाई ओरडते. मला ते ‘बचाऽव’ ऐकू येतं. मित्राच्या मते ‘राजाऽ’. आईला ‘भाऊऽ’ ऐकू आलं, पण ती मामाची काळजी करत झोपली होती.

आमच्या आळीत एक काका आहेत, तंबूच्या सिनेमात बारा-पंधरा जत्रा ऑपरेटर म्हणून काढलेले. त्यांना जोडाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाशी नेला आणि म्हणाले, ‘घासलंय ब्लेडनं. आमच्यातल्याच कुणीतरी केलंय.’ मग त्यांनी जत्रेतली रीत सांगितली : दुसऱ्या रिळाचं डोकं फाटलं, तिसरं हरवलं, पब्लिक तर बसलंय. हत्ती झाले, आता हाणामारी पाहिजे. जे हाताशी असेल ते लावायचं, जंगल म्हणजे जंगल. शिट्ट्या आल्या का? आल्या. झालं मग.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि पुढचं ठरलं होतं : अकराही जोड सोडवायचे, नवी टेप लावायची, दोन सिनेमे वेगळ्या गाभ्यांवर गुंडाळायचे आणि पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला दोन वेगळ्या चौकश्या पाठवायच्या. पण लिहिता लिहिताच सव्वीस फ्रेमचं आठवलं.

१६ मिमीवर आवाज चित्राच्या सव्वीस फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी गेटमधून जाते आणि नंतर आवाजाच्या ड्रमवरून. मी आत्तापर्यंत आवाज आणि चित्र वेगवेगळं तपासत होतो, सरकवून एकत्र लावलंच नव्हतं. आता लावलं. सहा नंबरच्या जोडावर चित्र बदलतं, पण आवाज सव्वीस फ्रेम जुनाच राहतो. जेमतेम सेकंदभर.

त्या सेकंदात वडाच्या पारंबीवरून आपला गडी झेप घेतो, तोंड उघडतो, आणि त्याच्या तोंडून कूकाबुरा हसतो.

जत्रेतल्या प्रत्येक खेळाला हे असंच झालं असणार. ज्याने जोड घासला त्यालाही ठाऊक असेल, रोज ऐकलं असेल त्याने. आज सकाळपासून मी ते चाळीसेक वेळा लावलंय. आई दोनदा स्वयंपाकघरातून हातातलं काम टाकून आली. दुसऱ्यांदा म्हणाली, ‘परत लाव.’

तेव्हा बेत बदलला. दहा जोड नवे करणार, सहा नंबरला हात लावणार नाही. रीळ एकाच गाभ्यावर राहील आणि अर्काइव्हला एकच चौकशी जाईल, जोडाच्या फोटोसकट. तोवर कुणाकडे करवती पट्टीचं, बिनखुणेचं, ‘सेफ्टी फिल्म’ तिरक्या अक्षरांत असलेलं १६ मिमी असेल तर कडेचा फोटो काढून ठेवा, अक्षरं जुळवून बघू. आठ नंबरचा डबा अजून उघडलेला नाही. हलवला की आत काहीतरी सुटं खडखडतं.